हौशी माणसाने कॉन्फरन्सला का जावं

नोंदणीच्या फॉर्ममध्ये नाव आणि ई-मेलपर्यंत सगळं सुरळीत झालं. पुढचा रकाना होता ‘संस्था’, आणि त्याच्या डोक्यावर लाल तारा. म्हणजे रिकामा सोडायची सोय नाही. मी आधी एक आडवी रेघ टाकली, ती फॉर्मने नाकारली. ‘लागू नाही’ लिहिलं, ते त्याला चाललं. पण मग लक्षात आलं की हेच शब्द बॅजवर माझ्या नावाखाली छापून येणार आणि कॉन्फरन्सभर मी ‘लागू नाही’ गळ्यात अडकवून फिरणार. ऑफिसचं नाव घालावं तर तेही खोटंच. मी नोकरी करते ती हिशेबाच्या खात्यात. मी कुठे चाललेय याचा तिथे कुणाला पत्ता नाही आणि असण्याचं कारणही नाही. शेवटी ‘स्वतंत्र’ लिहिलं. त्याखाली ‘हुद्दा’. तिथे बराच वेळ कर्सर लुकलुकू दिला, ‘हौशी’ असं टाइप केलं आणि विचार बदलायच्या आत पैसे भरून टाकले.

तर मी एका सॉफ्टवेअर कॉन्फरन्सला चाललेय. खरीखुरी, व्यावसायिकांची. जिथे लोक कंपनीच्या खर्चाने येतात, परत गेल्यावर साहेबाला अहवाल देतात आणि अधूनमधून सत्र अर्धवट सोडून बाहेर जाऊन ‘सर्व्हर पडलाय का?’ असं फोनवर कुजबुजतात. मी पदरमोड करून जातेय, हक्काची रजा टाकून जातेय, आणि परत आल्यावर मला कुणी काही विचारणार नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात. या हौसेला आहे, तिकिटावर छापलेलं.

प्रोग्रामिंग मी रीतसर कुठे शिकले नाही. आकडेमोडीच्या कामात एक्सेल रोजचं, आणि त्यातल्या एका तारखेपाशी मी अडकले ती अडकलेच. तुम्हीही करून बघा. विंडोजवरच्या एक्सेलच्या कोऱ्या पानावर एका चौकटीत 60 लिहा आणि तिला तारखेचं रूप द्या. 29 फेब्रुवारी 1900 अशी तारीख येईल. आता 1900 हे लीप वर्ष नव्हतंच. शंभराने भाग जाणारं वर्ष लीप ठरायला त्याला चारशेनेही भाग जावा लागतो. 2000 ला जातो, 1900 ला जात नाही. म्हणजे जो दिवस जगात कधी उजाडलाच नाही तो एक्सेलच्या पोटात आहे. कुणाच्या तरी नजरचुकीने राहून गेला असेल असं आधी वाटलं. तसं नाही. एक्सेलच्या आधी लोटस 1-2-3 या तसल्याच तक्त्यांच्या प्रोग्रामचं राज्य होतं. त्यात 1900 लीप धरलेलं होतं, आणि लोटसमधले तक्ते एक्सेलमध्ये आणल्यावर तारखा सरकू नयेत म्हणून मायक्रोसॉफ्टने तो न उजाडलेला दिवस जाणूनबुजून तसाच ठेवला.

हे वाचलं तेव्हा मला तारखेपेक्षा त्या निर्णयाचं कुतूहल वाटलं. कुठल्यातरी खोलीत काही माणसं बसली असतील. एकजण म्हणाला असेल, ‘अहो, हे चूक आहे.’ दुसरा म्हणाला असेल, ‘माहीत आहे. पण लोकांच्या जुन्या तारखा हलल्या तर जबाबदारी कुणाची?’ मग कुणीतरी खांदे उडवले असतील. हे सगळं माझ्या मनातलं, कारण तो वाद मला कुठेच सापडला नाही. माहितीपुस्तिकेत निर्णय मिळतो, त्यामागची घालमेल मिळत नाही. चांगल्या पुस्तिकेत तर ती मुळीच नसते; ती घासूनपुसून काढली म्हणूनच पुस्तिका चांगली म्हणायची.

तेव्हापासून रात्रीची आवराआवर झाली की मी असल्या गोष्टी खणत बसते आणि जे हाती लागेल ते लिहून काढते. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या, दुसरं काय! पण हे सगळं खणणं बाहेरून चालतं. ज्यांनी त्या गोष्टी बनवल्या, ज्यांनी रात्री जागून त्या दुरुस्त केल्या, ती माणसं कधी समोर नव्हती. आता ती एका छताखाली असतील आणि मधल्या सुट्टीत कागदी कप हातात घेऊन माझ्यापासून हातभर अंतरावर उभी असतील. हरखून जायला मला एवढं पुरे आहे.

माझा मावसभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, गेली कित्येक वर्षं सॉफ्टवेअरमध्येच आहे. त्याला सांगितलं तर तो हसला. ‘अगं, सगळी भाषणं महिन्याभरात यूट्यूबवर येतात. आम्हाला पाठवतात म्हणून आम्ही जातो. तू स्वतःहून कशाला?’ मग मात्र त्याने मन लावून सल्ले दिले. मऊ बूट घाल. चार्जर जवळ ठेव, भिंतीतलं सॉकेट रिकामं मिळेल या भरवशावर राहू नकोस. वाय-फाय चालणार नाही असं समजूनच जा. आणि प्रायोजकांच्या टेबलावर फुकट टी-शर्ट देताना बॅजवरचा कोड स्कॅन करतात, तो करू देऊ नकोस; पुढे वर्षभर त्यांच्या विक्रीवाल्यांचे मेल येत राहतात. मी म्हटलं, ‘दादा, माझ्या बॅजवर हुद्दा हौशी असा आहे. मला कोण काय विकणार?’

पण त्याचा मूळ प्रश्न रास्त आहे. रेकॉर्डिंग मीही पुष्कळ पाहिली आहेत. मार्च 2013 मधल्या पायकॉनचं, म्हणजे पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या परिषदेचं, ते पाच मिनिटांचं भाषण मी कितीदा तरी बघितलंय. सॉलोमन हाइक्स नावाचा माणूस येतो, लिनक्स कंटेनरबद्दल घाईघाईने काही सांगतो, पडद्यावर एक आज्ञा चालवतो आणि ‘हॅलो वर्ल्ड’ एवढंच उमटतं. प्रोग्राम त्याला लागणाऱ्या सगळ्या सामानासकट एका डब्यात (म्हणजेच कंटेनरमध्ये) भरून चालवणाऱ्या डॉकरची ती बाहेरच्या जगाला झालेली पहिली ओळख. काही वर्षांत जगभरच्या कंपन्यांची सॉफ्टवेअर चालवायची रीत त्याने बदलून टाकली, पण त्या चित्रफितीत तसलं काहीच दिसत नाही. दिसतो तो एक घड्याळाशी शर्यत लावणारा माणूस. त्या सभागृहातल्या किती जणांना आपण काय बघतोय हे कळलं असेल? माझा अंदाज, फारच थोड्यांना. बाकीचे आपापला मेल बघत असणार. मी तिथे असते तर मीही कदाचित पुढच्या भाषणाची खोली शोधत असते, पण निदान तसं म्हणायचा हक्क तरी मिळाला असता.

रेकॉर्डिंगमधली मला सर्वांत छळणारी गोष्ट वेगळीच आहे. भाषण संपतं, टाळ्या होतात, आणि प्रेक्षकांतलं कुणीतरी माइक नसताना प्रश्न विचारतं. आपल्याला ऐकू येते ती नुसती कुजबुज. ती बरीच लांबते. व्यासपीठावरचा माणूस आधी मान हलवतो, मग हलवायची थांबवतो, मग छताकडे बघतो आणि म्हणतो, ‘हो. तोच तर प्रॉब्लेम आहे.’ सभागृह हसतं आणि व्हिडिओ संपतो. काय प्रॉब्लेम आहे? कुणी विचारला? मी आवाज शेवटपर्यंत वाढवून, हेडफोन कानात दाबून ते प्रश्न ऐकायचा प्रयत्न करते. अख्ख्या भाषणात जे सांगायचं टाळलं होतं ते नेमकं त्या कुजबुजीत असतं, आणि तेवढंच मला मिळत नाही.

दादाला मी हेच सांगितलं. मला निष्कर्ष ऐकायला जायचं नाही, ते घरबसल्या मिळतात. जाणती माणसं कुठे अडखळतात ते बघायला जायचंय.

आणि माझी ही हाव काही जगावेगळी नाही, या व्यवसायाचा पायाच तसा घातला गेलाय. ऑक्टोबर 1968 मध्ये जर्मनीतल्या गार्मिश या डोंगराळ गावी नाटोच्या विज्ञान समितीने एक परिषद भरवली होती. 11 देशांतून 50 च्या वर माणसं आली. विषय होता ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’. आज ही पदवी भिंतीवर टांगतात. तेव्हा हे नाव मुद्दाम डिवचण्यासाठी ठेवलं होतं, असं परिषदेचा अहवालच सांगतो. पूल बांधणारे जसे शास्त्राच्या आधारावर बांधतात तसं सॉफ्टवेअर बांधायला हवं, आणि तसं ते बांधलं जात नाही, हा त्यातला टोमणा. मोठमोठे प्रकल्प रखडत होते, खर्च हाताबाहेर जात होते, आणि ‘सॉफ्टवेअर क्रायसिस’ हा शब्दप्रयोग तिथल्या चर्चेतूनच पुढे रूढ झाला. पीटर नाउर आणि ब्रायन रँडेल यांनी संपादित केलेला तो अहवाल मला फार आवडतो, कारण त्यात नुसते ठराव नाहीत. कोण काय म्हणालं, त्यावर दुसऱ्याने काय ऐकवलं, हे नावानिशी छापलंय. मोठमोठी माणसं एकमेकांना ‘हे आपल्याला जमत नाहीये’ असं सांगतायत आणि कुणीतरी ते टिपून ठेवतंय. माझ्यासारखीला याहून अधिक काय हवं?

योगायोग असा, की त्यानंतर दोनच महिन्यांनी, 9 डिसेंबर 1968 ला, सॅन फ्रान्सिस्कोच्या एका संगणक परिषदेत डग्लस एंगेलबार्ट या अमेरिकी अभियंत्याने 90 मिनिटं एक प्रात्यक्षिक दाखवलं. माउस, पडद्यावर तुकडे पाडून वेगवेगळी कामं, एका मजकुरातून दुसऱ्यात नेणारे दुवे, दूर बसलेल्या सहकाऱ्याचा चेहरा पडद्यावर आणून दोघांनी एकाच मजकुरावर काम करणं, हे सगळं एका बैठकीत. ज्या संगणकावर हे चाललं होतं तो तिथे नव्हताच; तो जवळपास 50 किलोमीटरवर मेनलो पार्कला होता, आणि मधला दुवा मायक्रोवेव्ह लहरींचा आणि टेलिफोनच्या तारांचा. बिल इंग्लिश नावाचा अभियंता मागे बसून हा सगळा डोलारा सांभाळत होता. मला मात्र त्या प्रात्यक्षिकातली सर्वांत आवडती गोष्ट म्हणजे एंगेलबार्टने उदाहरणादाखल घेतलेला मजकूर. जगाला भविष्य दाखवायचंय, समोर देशभरचे तज्ज्ञ बसलेत, आणि हा गृहस्थ बाजाराची यादी करतोय. वस्तू लिहितो, त्या वर-खाली हलवतो, त्यांचे गट पाडतो. मी रोज करते तेच काम, फक्त 1968 साली आणि माउसने. शेवटी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

मागे बसलेल्या त्या बिल इंग्लिशचा विचार माझ्या मनात वारंवार येतो. एखादा दुवा तुटला असता तर? लाइव्ह डेमो फसायची भीती या लोकांच्या हाडीमाशी खिळलेली असते, आणि तिचं सर्वांत गाजलेलं उदाहरण 20 एप्रिल 1998 चं. शिकागोच्या कॉमडेक्स या संगणक प्रदर्शनात बिल गेट्स यांच्या शेजारी उभा राहून त्यांचा सहकारी विंडोज 98 दाखवत होता. स्कॅनर जोडला की विंडोज त्याला आपोआप ओळखेल, असं दाखवायचं होतं. स्कॅनर जोडला आणि पडदा निळा झाला, म्हणजे विंडोजच कोसळलं. सभागृहात हास्याचा स्फोट. गेट्स म्हणाले, म्हणूनच बहुतेक आम्ही विंडोज 98 अजून बाजारात आणलेलं नाही. हा किस्सा लोक खिल्ली उडवायला सांगतात. मला तो वाचून धीर येतो. तालमी करून, एवढी फौज हाताशी असून, जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसाच्या डेमोचीही जर ही गत, तर माझ्या लॅपटॉपवर जे घडतं त्याबद्दल मी स्वतःला फार बोल लावायचं कारण नाही.

फसणं वेगळं आणि फसलो असं स्वतः उठून सांगणं वेगळं. रायन डालने 2009 मध्ये बर्लिनच्या जेएसकॉन्फ या जावास्क्रिप्ट भाषेच्या परिषदेत नोड, म्हणजे ती भाषा ब्राउझरबाहेर चालवायचं साधन, पहिल्यांदा लोकांपुढे मांडलं आणि लोकांनी ते डोक्यावर घेतलं. 2018 साली तोच माणूस त्याच परिषदेत परत उभा राहिला. भाषणाचा विषय: नोडबद्दल मला पश्चात्ताप वाटणाऱ्या दहा गोष्टी. सुरक्षेचा विचार पुरेसा केला नाही, प्रॉमिसेस (उशिरा येणारं उत्तर हाताळायची सोय) ठेवायला हवे होते ते काढून टाकले, मोड्यूल (कोडचे सुटे भाग) शोधायची पद्धत विनाकारण गुंतागुंतीची केली, अशी यादी. ‘इंडेक्स डॉट जेएस’बद्दल, म्हणजे फोल्डरचं नाव दिलं की त्यातली या नावाची फाइल आपोआप उघडायच्या नियमाबद्दल, तर त्याचं स्पष्टीकरण साधारण असं, की तेव्हा ते गोंडस वाटलं होतं. बस! लाखो प्रोग्रामर रोज ज्या नियमाने वागतात त्याच्यामागे एवढंच. एक्सेलच्या खोलीतलं ऐकायला मिळालं नाही म्हणून मी जी कल्पनेने भरून काढली ती घालमेल इथे कर्त्याच्या तोंडून ऐकायला मिळते. (भाषणाच्या शेवटी त्याने नोडसारखंच काम करणारा डेनो हा नवा प्रकल्प जाहीर केला. पश्चात्तापालाही पुढची आवृत्ती असते या लोकांकडे.)

बोलण्याच्या कसबासाठी मात्र माझा देव्हारा एकाच भाषणाचा आहे. गाय स्टील हा प्रोग्रामिंगच्या भाषा घडवणारा संगणकतज्ज्ञ, 1998, ओओपीएसएलए ही परिषद. विषय असा, की प्रोग्रामिंगची भाषा जन्मतःच मोठी करू नये. लहान ठेवावी, पण वापरणाऱ्यांना ती वाढवता येईल अशी करावी. हा माणूस बोलू लागतो आणि सुरुवातीला काहीतरी विचित्रच वाटतं. वाक्यं आखूड, शब्द बाळबोध, आणि मधेच थांबून तो अगदी साध्यासुध्या शब्दांच्या व्याख्या देत बसतो. लोक चुळबुळतात, हसतात. बऱ्याच वेळाने तो आपला नियम उघड करतो: इंग्रजीतले एकाच उच्चारखंडाचे (एका सिलॅबलचे) शब्द तेवढे आधीपासून माहीत आहेत असं धरायचं, त्याहून लांब कुठलाही शब्द आधी व्याख्या केल्याशिवाय उच्चारायचा नाही. म्हणजे ‘मॅन’ चालतं, पण ‘वुमन’ची आधी व्याख्या करावी लागते. जवळपास तासभर त्याने हे पाळलं. लहान भाषेत बोलणं किती जाचक असतं आणि ती वाढवता आली की कसा श्वास मोकळा होतो, हे त्याने सांगितलं नाही. ऐकणाऱ्यांना भोगायला लावलं. लिहिणाऱ्या माणसाने हे भाषण बघितलं की आपली चार पानं फाडावीशी वाटतात. मी फाडली नाहीत, पण वाटलं.

आता माझ्या कॉन्फरन्सचं वेळापत्रक. तीन समांतर ट्रॅक, म्हणजे एकाच वेळी तीन खोल्यांत तीन भाषणं. ते हातात आल्यापासून मी त्यावर पेन्सिलीने इतक्या खुणा केल्यात की मूळ छपाई दिसेनाशी झालीय. प्रायोजकांची सत्रं आधी कटाप. शीर्षकात उत्पादनाचं नाव असलं की ती जाहिरात समजावी. ‘येत्या दशकातलं सॉफ्टवेअर’ अशा नावाचं उद्‌घाटनाचं भाषण आहे, तेही सोडणार आहे. उंटावरून शेळ्या हाकण्याचा प्रकार तो. मला आवडतात ती छोट्या, चिवट विषयांवरची भाषणं. एक आहे जुना डेटाबेस चालू ठेवून त्याखालची जमीन बदलण्यावर. एक आहे बग नोंदवणाऱ्यांशी कसं बोलावं यावर, एका ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) प्रकल्पाच्या मेंटेनरचं, म्हणजे तो सांभाळणाऱ्याचं. आणि एक, ज्यासाठी खरं तर मी तिकीट काढलं, ते मजकूर मोजण्यावर.

मजकूर मोजण्यात काय एवढं, असं वाटेल. ‘क्षि’ घ्या. आपल्या डोळ्यांना हे एक अक्षर. युनिकोडच्या, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकाच्या, लेखी ते चार चिन्हं: क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व वेलांटी. जावास्क्रिप्टला लांबी विचारली तर ती म्हणते 4. यूटीएफ-8 या मजकूर साठवायच्या पद्धतीत साठवलं तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला 3 बाइट, म्हणून 12. बरं, वाचणाऱ्याला एक अक्षर वाटेल असं मोजायचा नियमही युनिकोडने दिलाय, पण त्या नियमाप्रमाणेही बरीच वर्षं याचे दोन तुकडे पडत: ‘क्’ आणि ‘षि’. सप्टेंबर 2023 मध्ये युनिकोड 15.1 आलं, त्यात देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतली जोडाक्षरं न तोडण्याचा नवा नियम घातला गेला, आणि तेव्हापासून उत्तर 1. एकाच ‘क्षि’ची लांबी 12, 4, 2 किंवा 1, कुणाला विचारता आणि त्याच्याकडे कुठली आवृत्ती आहे त्यावर अवलंबून. हे कळलं त्या रात्री मी लवकर झोपू शकले नाही. इतके दिवस बॅकस्पेस दाबल्यावर कधी नुसती वेलांटी जाते आणि कधी अख्खं अक्षर जातं, ते माझ्या हाताचं नाही हे कळल्याचा आनंद वेगळाच.

इथे मला एक्सेलचा तो दिवस आठवतो. तिथे चूक माहीत असून जपली, कारण सुधारली असती तर जुने तक्ते बिघडले असते. इथे चूक सुधारली. मग इथे काहीच बिघडलं नाही का? काल ज्या प्रोग्रामने दोन मोजले तो आज एक मोजतो. एखाद्या रकान्याची मर्यादा अक्षरांत ठरवलेली असेल, दोन सर्व्हरवर दोन आवृत्त्या असतील, तर त्यांचं एकमेकांशी पटेल का? कुठली चूक जपायची आणि कुठली सुधारायची हे ही माणसं कशावरून ठरवतात? पुस्तिकेत नियम आहे, नियमाचा क्रमांकही आहे. ठरवताना कुणाच्या पोटात गोळा आला होता का, ते नाही.

आता भीतीबद्दल, कारण ती आहेच. भाषणाच्या वेळी काही प्रश्न नाही, अंधारात बसायचं. खरी कसोटी मधल्या सुट्टीत. कॉन्फरन्सला जाणारे सगळे एकमुखाने सांगतात की खरा कार्यक्रम कॉरिडॉरमध्ये असतो, आणि त्याला ते कौतुकाने ‘हॉलवे ट्रॅक’ म्हणतात. पाच-पाच जणांची वर्तुळं, सगळे एकमेकांना ओळखणारे, आणि आपण बाहेर कप धरून भिंतीवरचे प्रायोजकांचे फलक तन्मयतेने वाचतोय. यावर एरिक होल्शर या प्रोग्रामरने एक सुंदर तोडगा सुचवलाय, ‘पॅकमॅन रूल’ नावाचा. गोल करून उभं राहताना आणखी एका माणसापुरती फट ठेवायची, म्हणजे वर्तुळ त्या व्हिडिओ गेममधल्या पॅकमॅनसारखं तोंड उघडं असलेलं दिसतं. कुणी आत आलं की सरकून पुन्हा एक फट. माणसाच्या संकोचाचा एवढा विचार करून नियम करणारे लोक व्यवसायाने प्रोग्रामर आहेत, याची मला गंमत वाटते. हॅरिसन ओवेनच्या ओपन स्पेस या (आधी कार्यक्रम न ठरवता सभा भरवायच्या) पद्धतीतला दोन पायांचा नियमही असाच दिलासा देणारा: जिथे तुम्ही काही शिकतही नाही आणि काही देतही नाही, तिथून आपल्या दोन पायांवर उठून दुसरीकडे जा. यात कुणाचा अपमान नाही. हा नियम आपल्या एकूण सामाजिक जीवनात लागू व्हावा असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि हौशी असण्याची लाज? ती फॉर्म भरला त्या रात्रीपुरती होती. 25 ऑगस्ट 1991 ला लिनस टोरवाल्ड्सने आपण एक ऑपरेटिंग सिस्टीम (तीच पुढे लिनक्स झाली) करतोय हे कळवताना कंसात लिहिलं होतं की ही फक्त हौस आहे, मोठं आणि व्यावसायिक काही होणार नाही. नोव्हेंबर 2017 पासून जगातल्या सर्वांत वेगवान 500 महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो. मार्च 2016 मध्ये एका प्रोग्रामरने शब्दाच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणारा आपला 11 ओळींचा कोड एका वादातून काढून घेतला, तर त्यावर विसंबलेल्या भल्याभल्या प्रकल्पांची बांधणी बंद पडली. व्यावसायिकांच्या इमारतीत हौशी लोकांच्या विटा किती आहेत हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं. माझी वीट त्यात नाही, मी नुसती बघणारी. पण बघणाऱ्याला एक मुभा असते: मला कुणापुढे हुशार दिसायचं नाही, कारण माझी बढती कुणाच्या हातात नाही. ‘हे असं का?’ हा प्रश्न त्या इमारतीत माझ्याइतक्या स्वस्तात कुणालाच विचारता येणार नाही.

लाइटनिंग टॉक द्यावं का, असाही विचार डोक्यात येऊन गेला. पाच मिनिटं, फळ्यावर नाव लिहायचं आणि बोलायचं. हे नाव 2000 साली पर्ल या प्रोग्रामिंग भाषेवाल्यांच्या परिषदेत मार्क जेसन डॉमिनसने दिलं, आणि कल्पना छान आहे: भाषण वाईट निघालं तरी पाच मिनिटांत संपतं. यंदा नाही. यंदा मला एक प्रश्न विचारायचाय, तेवढ्यानेच हात थरथरणार आहेत.

तर मजकुरावरचं ते सत्र दुसऱ्या दिवशी आहे, शेवटची पाच मिनिटं प्रश्नांसाठी. माइक मधल्या वाटेत उभा असतो असं दादाने सांगितलंय, म्हणून जागा वाटेच्या कडेची धरायची, पुढून तिसऱ्या-चौथ्या रांगेत. प्रश्न लिहून काढलाय. ‘प्रश्न असा नाही, पण मला असं वाटतं’ म्हणून स्वतःचंच भाषण ठोकणारे लोक प्रत्येक कॉन्फरन्समध्ये असतात, रेकॉर्डिंगमध्ये त्यांच्यावर मी इतकी चडफडलेय की त्यांच्यात जमा व्हायची माझी तयारी नाही. म्हणून घड्याळ लावून वाचला. फार लांब होता. दादाला फोनवर वाचून दाखवला.

‘पहिली तीन वाक्यं काढून टाक,’ तो म्हणाला. ‘तिथे बसलेल्या सगळ्यांना ते माहीत असतं.’

नेमकी एक्सेलच्या त्या न उजाडलेल्या दिवसाची वाक्यं. मी दोन काढलीत. तिसऱ्यावर अजून विचार चाललाय.